शाळेतली उपकारस्तुती, मुलांना मिंधं न करता

पहिल्या वर्षी आम्ही पोषण आहाराच्या मावशींचे आभार मानले, तेव्हा मावशी तिथे नव्हत्याच. त्या मागच्या शेडमध्ये खिचडी ढवळत होत्या, कारण उपासना संपली रे संपली की ३०० पोरं जेवायला बसणार होती. सातवीतल्या मुलाने माईकवर त्यांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "आसं व्हय? मला वाटलं कुणाचा वाढदिवस हाय."

नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत मी २६ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पंधराएक वर्षं नोव्हेंबरातली ही उपकारस्तुती माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर दोन-तीन शाळांतून फोन आले, "बाई, तुम्ही कसं करायचात?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी शब्दाबद्दल. ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेल्या उपकारांबद्दल त्याची स्तुती. शब्द गोड आहे, पण शाळेत वापरताना जपून. मराठीत उपकार म्हटलं की उपकाराचं ओझंही येतं. आमच्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या पणज्या खळ्याच्या कडेला पदर पसरून उभ्या राहिलेल्या आहेत. रास झाली की बलुत्याचा वाटा मिळायचा. होता हक्काचा, पण हातावर पडायचा तो उपकार केल्यासारखा. त्यांच्या पणतवंडांना आपण स्टेजवर उभं करून "आम्ही आपले ऋणी आहोत" असं घोकून म्हणायला लावणार असू, तर तो कार्यक्रम न केलेला बरा. देवापुढे वाकावं. देणगीदारापुढे आठ वर्षांच्या पोराने वाकायचं काही कारण नाही.

म्हणून माझा पहिला नियम: त्या दिवशी स्टेज नाही, सत्कार नाही, नारळ-शाल नाही. संस्थेच्या लोकांना बोलवा, पण मुलांबरोबर सतरंजीवर बसवा. एका वर्षी एक पाहुणे खुर्चीसाठी रुसले होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची द्यावीच, पण ती भिंतीला लावून.

तारीख कशी धरायची

बाजरी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरून आठवडाभर होऊ द्या. नाताळाच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. ते सुरू झाले की गव्हाणीचं नाटक, तारे, कापसाच्या दाढ्या यांतून कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मधला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उरतो, तो धरा. शनिवार बरा, सकाळची शाळा असते. गावचा बाजार शनिवारी असेल तर मात्र शुक्रवार घ्या, नाहीतर एकही आई येणार नाही. अमेरिकन मिशनचं काम नगरला १८३१मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या देशातला आभाराचा सणही नोव्हेंबरातच येतो, त्यामुळे कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "हा त्यांचाच ना?" असेना का. बाजरी आपली आहे.

पालकांची चिठ्ठी

आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नव्हती. बहुतेक ख्रिस्ती शाळांत असंच असतं. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, उपासनेला बसवता येत नाही. हे मला उशिरा कळलं, तेही एका पालकाकडून. आठवीतल्या एका मुलीचे अब्बा आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, मुलगी येईल, धान्य आणील, पण प्रार्थनेला डोळे मिटायचे की नाही हे तिचं तिला ठरवू द्या." त्यांनी कलम नाही सांगितलं, ते नंतर मी शोधलं. पण मुद्दा त्यांचा बरोबर होता.

तेव्हापासून दहा दिवस आधी घरी चिठ्ठी जाते. तिच्यात तीन ओळी पुरतात: कार्यक्रम काय आहे, त्यात भजन आणि प्रार्थना असणार आहे, आणि मुलाला नुसतं जेवणाच्या वेळी पाठवलं तरी चालेल. खाली सहीची जागा. "न पाठवल्यास कारण द्यावे" असलं काही लिहू नका. दरवर्षी चार-पाच मुलं उशिरा येतात, त्यांना कुणी टोकत नाही.

आभाराच्या चिठ्ठ्या

मेहनत खरी इथे आहे. दोन आठवडे आधी मराठीच्या तासाला प्रत्येक मुलाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. पहिल्या मसुद्यात सगळी मुलं एकच लिहितात: आई, बाबा, देव, गुरुजन. ते वाचून गोड हसा आणि परत द्या. मग अटी घाला. माणूस घरचा नको. त्याने केलेलं काम एका वाक्यात, आणि ते काम डोळ्यांनी पाहिलेलं हवं. "प्रेमळ", "थोर", "मोलाचे" हे शब्द बंद.

असं केलं की चिठ्ठ्या बदलतात. "सकाळच्या एसटीचे कंडक्टर मी धावताना दिसलो की बेल मारत नाहीत." "शिपाई मामा पावसाळ्यात मुलींच्या संडासाच्या वाटेवर विटा टाकतात." "वर्गातल्या अमुकने माझी प्रयोगवही भिजली तेव्हा स्वतःची दिली, आणि मारही स्वतःच खाल्ला." या शेवटच्या चिठ्ठीवर त्या वर्गाच्या सरांना मी काही बोलले, ते इथे नको.

शंभरातल्या दहाच उपासनेत वाचायला निवडा. बाकीच्या ज्याच्या त्याच्या हातात पोचल्या पाहिजेत. कुणाची निवडायची? ज्यांचं नाव एरवी माईकवर कधीच येत नाही त्यांची. मुख्याध्यापकांवर चिठ्ठी आली असेल तर ती त्यांना खासगीत द्या, त्यांना आवडतं.

आणि जिचे आभार मानायचे ती व्यक्ती समोर बसलेली पाहिजे. मावशींच्या प्रकरणानंतर त्या दिवशीचा स्वयंपाक आम्ही शिक्षकांनी अंगावर घेतला. पिठलं गणिताचे सर करत, तेही पाण्याचं माप मोजून, तरी गुठळ्या व्हायच्याच. मावशी पुढे बसून दर पाच मिनिटांनी मागे वळून बघायच्या. पण बसायच्या.

एक मूठ बाजरी

चर्चच्या मंडळीत सुगीच्या उपकारस्तुतीला लोक पपया, भोपळे, कोंबड्या, ज्वारी-बाजरी आणतात आणि नंतर त्याचा लिलाव होतो. मोठ्यांमध्ये मजा येते. शाळेत लिलाव करू नका. आम्ही एकदा केला. एका ठेकेदार पालकाने आपल्या मुलाचा भोपळा भरमसाट बोलीला उचलला, आणि लगेच एका पोराच्या दोन अंड्यांना कुणी बोलीच लावेना. शेवटी मीच घेतली. पण पोराने ते पाहिलं होतं.

पुढच्या वर्षापासून प्रत्येकाने एक मूठ बाजरी आणायची, आपल्या मुठीत मावेल एवढीच. पिशवी, डबा, सजवलेलं ताट काही नाही. ज्याच्या घरी पाच एकर बागाईत आणि ज्याची आई ऊसतोडीला, दोघांची मूठ सारखीच. ३०० मुलांच्या मुठी मिळून १२-१३ किलो भरते.

पण ज्याच्या घरी मूठभरही नाही त्याचं काय? आणि बोर्डिंगची मुलं कुठून आणणार? यावर आमच्या शिपाई मामांनी तोड काढली. दाराशी, आतल्या बाजूला, उघडं पोतं ठेवायचं. शिक्षकांच्या वर्गणीतून आणलेली बाजरी त्यात असते. हात रिकामा असेल त्याने येता येता त्यातून मूठ भरायची आणि पुढे चालायचं. पोत्याशी कुणी उभं राहायचं नाही. शिक्षक तर अजिबात नाही. पुढे ठेवलेल्या सुपात पडल्यावर कुठली बाजरी कुणाची हे ओळखू येत नाही.

धान्य दळायची घाई करू नका. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू लागतं. निवडून डब्यात ठेवा आणि बोर्डिंगला लागेल तसं चार-पाच किलो गिरणीवर पाठवा.

प्रत्यक्ष उपासना

पाऊण तास पुष्कळ झाला. पेटी आणि तबला हवा, कीबोर्ड नको. वीज गेली की तो आणणारा घामाघूम होतो. भजनं अभंग-ओवीच्या चालीवरची घ्या. ना. वा. टिळकांपासून मराठी ख्रिस्ती भजनात ही चाल मुरलेली आहे, आणि वारकऱ्यांच्या घरातलं पोरगंही दुसऱ्या कडव्याला टाळी धरतं.

वाचनाला बायबलमधलं स्तोत्र १३६ उत्तम. २६ वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे". पहिला भाग एका मुलाने वाचायचा, दुसरा सगळ्या सभेने म्हणायचा. पहिलीची पोरं तिसऱ्या वचनाला पकडतात आणि नंतर छप्पर उडवतात. मात्र १० ते २२ ही वचनं गाळा. त्यांत ज्येष्ठ पुत्र आणि राजे मारले जातात, आणि दुसरीतलं एखादं पोर नेमकं तेव्हाच विचारतं, "बाई, का मारलं?" उरलेली १३ वचनं पुरेत, त्यांत सर्व प्राण्यांना अन्न देण्याचं वचन येतंच.

संदेश द्यायचा असेल तर लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घ्या. येशूने दहा जणांना बरं केलं, एकच आभार मानायला परत आला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे बाहेरचा, परक्या मंडळीतला. ही गोष्ट सांगताना बहुतेक वक्ते न आलेल्या नऊ जणांना झोडपतात. मी चर्चच्या पाळकसाहेबांना आधीच विनंती करायचे की नवांना सोडा, त्या एकाबद्दल बोला, आपल्या सभेत तसे पुष्कळ बसलेत. आणि सात मिनिटांत संपवा. पाळकांना मिनिटं आधी सांगावी लागतात, नंतर खोकून उपयोग नसतो.

प्रार्थना मुलाने स्वतःच्या शब्दांत करावी. तिच्यानंतर एक मिनिट शांतता, ज्याने त्याने आपल्या देवाला किंवा नुसतं मनाशी काय म्हणायचं ते म्हणावं. डोळे मिटा असं सांगू नका.

पाऊस नसलेल्या वर्षी

२०१८ साली पावसाने दगा दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे जनावरांच्या छावण्या लागल्या. २०१८च्या नोव्हेंबरात शिक्षक म्हणाले, यंदा उपकारस्तुती कशाची करायची? मला ७२चा दुष्काळ आठवत होता, शाळेत वाटलेली सुकडी आणि तिचा वास. तेव्हा आम्हाला रांगेत उभं करून कुणाकुणाचे आभार मानायला लावलं होतं. आठ वर्षांची होते मी. सुकडी आवडली होती, रांग नाही.

आम्ही केली, पण बदलून. मुठी नाहीत. पोतं नाही. स्तोत्राऐवजी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय, शेवटची तीन वचनं: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पण त्या आधी आम्ही दहा मिनिटं मुलांना तक्रार करू दिली. उठून सांगायचं, घरी काय नाही. एकाने सांगितलं, बैल विकले. एकीने सांगितलं, टँकर येतो त्या दिवशी शाळा बुडते. हबक्कूकही आधी तक्रारच करतो, पहिल्या अध्यायात दोनदा. तुमच्या गावात असं वर्ष आलं तर "तरीही" म्हणायची घाई मुलांना करू नका. आधी बैलांचं बोलू द्या.

राहिलेल्या चिठ्ठ्या पुढच्या शुक्रवारच्या आत पोचवा. उशीर झाला की त्या स्टाफरूमच्या कपाटात जातात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीत निघतात. एसटीच्या कंडक्टरची चिठ्ठी सगळ्यात आधी द्या, त्यांची ड्युटी बदलते.