पहिल्यांदा नागपूर बघायचंय? दोन दिवस असे लावा

नागपूरला लोक लग्नाला येतात, कामाला येतात, नाहीतर ताडोबा-पेंचला जाताना एक रात्र थांबतात. संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारतात, संत्रा बर्फीचा डबा घेतात आणि ‘इथं बघण्यासारखं काही नाही’ म्हणत निघून जातात. खरं तर त्यांनी जुनं शहर पाहिलेलंच नसतं. नीट आखणी केली तर दोन दिवस आणि एक रात्र पुरते. त्यासाठी नकाशावर आधी सीताबर्डीची टेकडी शोधा.

टेकडीच्या पूर्वेला जुनं नागपूर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास ते वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट आणि जुम्मा तलाव दिला. अठराव्या शतकाच्या मध्याला ते नागपूरकर भोसल्यांकडे आलं. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स आहे, म्हणजे इंग्रजांचं नागपूर. आणि या दोन्हींच्या मधल्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. तिथून पूर्वेचं राज्य पश्चिमेच्या हातात जायला लागलं. म्हणून पहिला दिवस पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला द्यावा. इतिहासही त्याच क्रमाने उलगडतो आणि पायपीटही वाचते. पूर्व-पश्चिमेच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. ते ओलांडायला मोजकेच पूल आहेत आणि संध्याकाळी ते तुंबतात. एक ठिकाण इकडचं, एक तिकडचं असा कार्यक्रम लावणाऱ्यांचा अर्धा दिवस पुलांवरच जातो.

तारीख ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा स्वेटर लागतोच. एप्रिल-मेमध्ये यायचं टाळा. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पायी फिरणं इथले लोकही करत नाहीत. यावंच लागलं तर सगळी पायपीट सकाळी ९ च्या आत उरका, डोकं-कान बांधा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी जवळ ठेवा. कोरड्या उन्हात घाम लगेच सुकतो. त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही आणि ऊन लागतं.

तारीख पक्की करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. ते बहुधा डिसेंबरमध्ये असतं. त्या दिवसांत चांगली हॉटेलं आमदार, अधिकारी आणि कार्यकर्त्यांनी भरलेली असतात, आणि मोर्चांमुळे सिव्हिल लाइन्समधले रस्ते अडवलेले असतात. तारखा जाहीर झाल्यावरच तिकीट काढा. दुसरी, दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तो सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर या, पण मग त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका आणि खोली बरीच आधी घ्या.

सोमवारी अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय बंद असतं, आणि मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही. शनिवार-रविवार सगळ्यात सोयीचे. रविवारी इतवारीतला घाऊक बाजार थंड असतो. खरेदीसाठी ते वाईट, जुनी घरं बघायला मात्र उत्तम.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणं जमलं तर मारबत म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक बघायला मिळेल. काळी आणि पिवळी मारबत आणि त्यांच्याबरोबरचे बडगे (हेही पुतळेच) जुन्या शहरातून मिरवत जातात. एकोणिसाव्या शतकापासूनची ही प्रथा आहे. गर्दी प्रचंड असते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन मधोमध शिरू नका.

कुठे उतरायचं, कसं फिरायचं

मुंबईहून रात्रीची गाडी पकडून सकाळी पोहोचणं सगळ्यात सोपं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळीच्या आसपास यायचं असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढा. मुक्काम बर्डीत (सीताबर्डीला इथे बर्डीच म्हणतात), रामदासपेठेत किंवा धंतोलीत करा, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकातच एकमेकींना मिळतात. ऑरेंज लाइन खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे. विमानतळ नावाचं स्थानक ऑरेंज लाइनवर आहे, पण ते टर्मिनलला चिकटून नाही. मध्ये ऑटो लागतो, आणि जड सामान असेल तर पायी जायचा विचार करू नका. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मेट्रो स्थानक रेल्वेच्या पूर्वेच्या म्हणजे संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. मुख्य दारातून बाहेर पडून मेट्रो शोधत बसणारे रोज दिसतात.

महाल या जुन्या शहरातल्या वस्तीच्या आत मेट्रो नाही. तिथे पायी किंवा ई-रिक्षाने फिरायचं. स्वतःची गाडी असेल तर ती हॉटेलवरच ठेवा. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत पार्किंग मिळत नाही.

पहिला दिवस: पूर्वेचं नागपूर

सकाळी साडेसातपर्यंत मेट्रोने कॉटन मार्केटला उतरा. तिथून जवळच गांधीसागर आहे. हाच तो जुम्मा तलाव, शुक्रवारी तलावही हाच. याच भागात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. तिच्या जागेवर आता मॉल आहे. तलावाला वळसा घालून गांधी गेटला या. जुन्या तटाच्या दरवाजांपैकी हा एक, त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. घाईने खालून जाऊ नका. कमानीच्या आत उभं राहून दगडांचे सांधे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीची जाडी बघा. एवढा भक्कम दरवाजा ज्या तटात होता, तो केवढा असेल याचा अंदाज इथेच येतो, कारण बाकीचा तट शहरात विरून गेला आहे.

दरवाजातून आत गेलं की महाल. इथे भोसल्यांचे वाडे, देवळं आणि गोंड राजाचा किल्ला आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांनी सत्ता हातात घेतल्यावरही गोंड राजाला मानाने गादीवर ठेवलं होतं, म्हणून दोन्ही घराण्यांच्या खुणा एकाच वस्तीत सापडतात. बहुतेक वाडे खासगी आहेत, लोक त्यात राहतात. बाहेरून बघा, आत जायचं असेल तर विचारा, आणि कुणी नाही म्हटलं तर वाद घालू नका. बघायचं काय, तर लाकडी खांब. तळाशी चौकोनी दगडी बैठक, वर निमुळता होत जाणारा सागवानी खांब आणि माथ्याला केळफुलाचं कोरीव काम. रंगाच्या कितीतरी थरांखालीही ते ओळखू येतं. आताच्या दुकानांच्या पाट्यांच्या वर, पहिल्या मजल्याकडे नजर ठेवा. खालचा भाग शटरने झाकलेला असतो, जुनं नागपूर वरच उरलं आहे.

महालातून बडकस चौक, चिटणीस पार्क, गांधीबाग असं करत इतवारीत या आणि शेवटी चितारओळीला पोहोचा. ही मूर्तिकारांची वस्ती आहे. गणपती-दुर्गापूजेच्या आधीच्या महिन्यांत आलात तर गल्लीभर मातीचे सांगाडे उभे दिसतील. काम चालू असताना फोटो काढण्याआधी विचारा आणि ओल्या मूर्तीला हात लावू नका. चितारओळी चौकातच मेट्रो आहे. सगळं मिळून चालणं तीन-चार किलोमीटरचं, रमतगमत तीन ते साडेतीन तास लागतात.

दुपारी हॉटेलवर आराम करा. मुलं बरोबर असतील तर गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र दुपारसाठी ठीक. संध्याकाळी टेकडी गणपती. हे देऊळ रेल्वे स्टेशनच्या मुख्य दाराजवळ, किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. मंगळवारी आणि चतुर्थीला रांग मोठी असते. खुद्द सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच उघडतात. इतर दिवशी दारापर्यंत जाऊन उपयोग नाही.

खाण्याचं वेळापत्रक

हे वेगळं सांगावं लागतं, कारण इथे चूक झाली तर दुसरा दिवस वाया जातो. सावजी जेवण पहिल्या रात्रीच घ्या, गाडी पकडायच्या आधी नको. रस्सा काळसर असतो, वर तेलाचा तवंग म्हणजे तर्री असते आणि तिखटपणा पहिल्या घासाला नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला चढतो. म्हणून सवय नसेल तर आधी ‘तिखट कमी, तर्री वेगळी’ असं सांगा आणि माणशी अर्धी प्लेट मागवा. मटण, खूर, कलेजी हे खरे सावजी पदार्थ. शाकाहारी असाल तर डाळकांदा किंवा पाटोडी रस्सा. भाकरी घ्या, भातावर रस्सा ओतला की अंदाज चुकतो. पाण्याने आग विझत नाही, ताक मागवा.

सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची पातळ, लालभडक तर्री, कच्चा कांदा, लिंबू. सकाळी दहापर्यंत ते ताजे मिळतात, पुढे पोहे कोरडे पडतात. थंडीत सांभारवडी दिसली तर सोडू नका. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि वडीच्या आत तीच ठासून भरलेली असते. घरगुती खानावळीत गोळाभात मिळाला तर वरून गरम तेलाची फोडणी पडल्याशिवाय खायला सुरुवात करू नका, नाहीतर गोळे कोरडे लागतात.

दुसरा दिवस: पश्चिम आणि दीक्षाभूमी

सकाळी मेट्रोने झिरो माइल या अंतरदर्शक स्तंभाकडे. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे यांचे फोटो सगळे काढतात. शेजारचा ठेंगणा दगड मात्र बघायचा राहून जातो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी १९०७ मध्ये बसवलेला हा संदर्भदगड आहे. खांबाच्या षट्कोनी चौथऱ्यावर गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरली आहेत. सकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा ती वाचता येतात, दुपारी अक्षरं दिसेनाशी होतात.

तिथून विधानभवनावरून अजब बंगल्याला जा. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आहे. साडेदहानंतर पोहोचा आणि दोन तास ठेवा. सगळी दालनं सारख्या वेगाने बघू नका. शिलालेख-शिल्पं, शस्त्रं आणि आदिवासी कला या तीन दालनांना जास्त वेळ द्या. आदल्या दिवशी पाहिलेल्या गोंड-भोसले नागपूरचा धागा इथे जुळतो. सिव्हिल लाइन्समध्येच हायकोर्टाची इमारत आहे. हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला आणि ती १९४० साली सुरू झाली. ती बाहेरून बघा.

दुपारी ऑरेंज लाइनने रहाटे कॉलनीला उतरून ऑटोने दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा स्तूप शिवदानमल यांच्या आराखड्यावर उभा राहिला आणि डिसेंबर २००१ मध्ये खुला झाला. बाहेरून तो सांचीसारखा वाटतो, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ. घुमटाखाली उभं राहिलं की त्याचा आवाका कळतो. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. चपला बाहेर, फोन बंद, आवाज खाली. लोक इथे पर्यटनाला नाही, वंदनेला येतात. एक-दीड तास द्या, बोधिवृक्षाखाली थोडं बसा. इथला वेळ कापून दुसरीकडे पळू नका. संध्याकाळी वेळ उरला तर फुटाळा. राहिला तरी चालेल.

अर्धा दिवस जास्त असेल तर

तो रामटेकला द्या. सुमारे ५० किलोमीटर, गणेशपेठेतून एसटी मिळते. सकाळी सातला निघा. गडावरची वानरं हातातली पिशवी हिसकावतात, म्हणून प्रसाद आणि नारळ बंद बॅगेत ठेवा, प्लास्टिकची पिशवी हातात धरू नका. राम-लक्ष्मणाच्या मुख्य देवळात सगळेच जातात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन छोटी देवळंही विचारून बघा, इथली सर्वांत जुनी वास्तू तीच. रामटेक आणि पेंच सफारी एकाच दिवसात बसवू नका. दोन्हीला सकाळच हवी असते.

संत्री शेवटच्या दिवशी घ्या. आंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत मिळतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून, आणि मृगाची जास्त गोड. फळ हातात जड लागलं पाहिजे. साल फार सुटी आणि आत पोकळ वाटली तर फोडी कोरड्या निघतात. सालीवरचे डाग चालतात. प्लास्टिकमध्ये बांधली तर गाडीतच घाम सुटून बुरशी धरते, म्हणून जाळीच्या पिशवीत घ्या आणि पिशवी सीटखाली न ठेवता वर टांगा.