माणसं टिकत नाहीत? टॉवेल-गारमेंट कारखान्यातल्या या चुका टाळा

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, कारखानदारांची तक्रार एकच असते: कारागीर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. पण कारागीर सोडून जातो त्यामागे बरेचदा दर नसतो. पगाराच्या दिवशी हातात किती पडेल आणि किती कापलं जाईल, हे त्याला आधी कळत नाही, म्हणून तो जातो. कारखान्याचा खरा दोष या न सांगितलेल्या हिशेबात आहे.

लूमचा दोष कारागिराच्या माथी

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पाळी संपली की टॉवेल मोजायचे आणि कमी भरले की बोल लावायचे. उदाहरण घेऊ. लूम (यंत्रमाग) मिनिटाला १२० पिकं मारतो (एक पीक म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा), पाळी ८ तासांची, म्हणजे ५७,६०० पिकं. एका टॉवेलला २,४०० पिकं लागत असतील, तर पूर्ण क्षमतेने २४ टॉवेल निघतात. कारागिराने १९ काढले, म्हणजे ७९ टक्के. हाच आकडा पाहून त्याला कामचुकार ठरवलं जातं. पण त्या पाळीत बाण्याचं सूत आलं नाही म्हणून लूम तासभर उभा असेल, तर शक्य होते २१ टॉवेल, आणि त्याचं काम ९० टक्के भरतं. हा माणूस चांगला आहे. सुताची व्यवस्था बिघडलेली आहे.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक लूमजवळ एक वही टांगा. लूम १० मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिला की वेळ आणि कारण लिहायचं: सूत, बीम (ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ), वीज, बिघाड किंवा कारागीर. नोंद कारागिराने करायची, सही जॉबरने, म्हणजे लूमवर देखरेख करणाऱ्या मुकादमाने. पहिले दोन आठवडे कुणालाही काही बोलू नका, नाहीतर वहीत सगळीकडे 'वीज' असंच दिसेल. त्यानंतर कारणांप्रमाणे मिनिटांची बेरीज करा. मालक-व्यवस्थापकाच्या हातातली कारणं जास्त निघाली, तर कारागिरावर ओरडून उत्पादन वाढणार नाही.

नुसत्या नगावर दर ठेवण्याचाही फटका बसतो. नग वाढतात आणि पाईल (टॉवेलवरची धाग्यांची लव) विरळ होतं. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा, ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल ४५० ग्रॅम भरायला हवा. प्रत्येक पाळीत पाच नग वजनकाट्यावर ठेवा, आकडा त्याच वहीत लिहा आणि डॅमेजचा, म्हणजे खराब निघालेल्या नगांचा, दर वेगळा ठरवा. तो दर महिना संपल्यावर सांगायचा नाही, काम सुरू होण्याआधी सांगायचा. मनात येईल तसा दंड कापणं तर कायद्यातही बसत नाही: आधी कारण विचारावं लागतं आणि एका महिन्याचा दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

उचल

मोठी उचल (पगाराआधी दिलेली आगाऊ रक्कम) दिली की माणूस बांधला गेला, असं बरेच जण मानतात. प्रत्यक्षात फेडता येणार नाही एवढी उचल झाली की तो एके रात्री निघून जातो, आणि उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं. म्हणून रक्कम, हप्ता आणि शिल्लक दोघांच्याही वहीत लिहा. हप्ता एवढा ठेवा, की घरभाडं आणि किराणा निघेल. सगळ्या कपाती धरून सर्वसाधारणपणे पगाराच्या निम्म्याहून जास्त कपात करता येत नाही. आधार कार्ड ठेवून घेण्याची सवय आजच बंद करा.

घेताना घाई, कागदावर कमी

लूम रिकामा आहे म्हणून आलेल्या माणसाला लगेच उभं करू नका. दोन पाळ्यांची चाचणी पूर्ण पैसे देऊन घ्या: तार तुटल्यावर सांधा किती पटकन बसतो, लूम उभा राहिल्याचं तो किती वेळात ओळखतो, डॅमेज लपवतो की दाखवतो. नेमणुकीचा कागद एक पानाचा असला तरी चालेल; दर, पाळी, सुट्टी, ओव्हरटाइम (दुप्पट दराने) आणि पगाराची तारीख त्यात असू द्या. सोलापुरात बरेच कारागीर तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.

पगार कागदावर कमी दाखवल्याची किंमत अपघाताच्या दिवशी कळते. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता नोंदलेल्या वेतनाच्या ९० टक्के मिळतो, म्हणजे कमी दाखवलेल्या पगाराचा भुर्दंड दुखापत झालेल्या कारागिराच्या घराला बसतो. ईएसआय साधारण १० कामगारांपासून लागू होतं, भविष्य निर्वाह निधी २० पासून. दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा.

खाडे

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, शिवाय एप्रिल-मेचं ऊन. या काळात हजेरी घसरणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी डिलिव्हरीच्या तारखा तेव्हाच्याच घेतल्या जातात. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांना तर जूनच्या आधीच माल द्यायचा असतो. मग खाडे दंडाने रोखू पाहतात. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला कारागिरांना बसवून सुट्ट्यांची यादी लावा, निम्मे आधी, निम्मे नंतर असं वाटप त्यांनाच करू द्या आणि उन्हाळ्यात पाळी पहाटे लवकर सुरू करून पाहा.

चांगला विणकर, वाईट जॉबर

हात चांगला म्हणून जॉबर केलं, की बरेचदा एक उत्तम कारागीर जातो आणि एक चिडका मुकादम मिळतो. जॉबरला नोंदी वाचता यायला हव्यात आणि माणसाशी बाजूला घेऊन बोलता यायला हवं. महिनाभर सहा लूमची जबाबदारी देऊन पाहा, जुना दर कायम ठेवून. जमलं नाही तर त्याला मानाने लूमवर परत जाता आलं पाहिजे; ही वाट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.