घरपट्टी वाढली? वॉर्ड ऑफिसशी भांडण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की घरपट्टीची बिलं येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरू लागतं, "यंदा टॅक्स बघितलात का?" मग सगळा राग वॉर्ड ऑफिसच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनावर निघतो. गेली काही वर्षं मी आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या लोकांबरोबर बसून ही बिलं वाचतो आहे. लोकांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण ती चुकीच्या दारात आणि उशिरा पोचते, त्यामुळे काहीच हाती लागत नाही.

घरपट्टी, म्हणजेच मालमत्ता कर किंवा मिळकतकर, महापालिका गोळा करते, पण ती लावायचा अधिकार तिला राज्याच्या कायद्याने मिळतो. 'जमिनी आणि इमारतींवरील कर' हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीमध्ये, ४९ व्या क्रमांकावर आहे. मुंबईसाठी १८८८ चा कायदा, बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा, नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा. या तिन्ही कायद्यांत बदल करणं विधिमंडळाच्या हातात आहे. म्हणून "आमचा काही संबंध नाही, तो महापालिकेचा प्रश्न आहे" असं एखाद्या आमदाराने सांगितलं तर ते अर्धंच खरं असतं.

चूक पहिली : फक्त शेवटचा आकडा बघणं

बिलाच्या तळाशी छापलेली एकूण रक्कम बघून आपण हबकतो आणि वरच्या ओळी वाचतच नाही. त्या ओळींतच सगळं असतं. सामान्य कर, सफाई कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, अग्निशमन कर, पथकर ही महापालिकेची घरची मंडळी. त्यांच्याच रांगेत राज्य सरकारचा शिक्षण कर उभा असतो. दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमी करही असतो. हे दोन्ही १९६२ च्या राज्य कायद्याचे कर आहेत. महापालिका ते आपल्या बिलातून वसूल करून सरकारी तिजोरीत भरते. मोठ्या फ्लॅटच्या बिलात मोठ्या निवासी जागांवरचा राज्याचा कर ही आणखी एक वेगळी ओळ सापडू शकते.

मागच्या वर्षीचं आणि यंदाचं बिल शेजारी शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावून बघा. सगळ्याच ओळी एका प्रमाणात वाढल्या असतील तर दर तोच आहे आणि तुमच्या घराचं मूल्य वाढवलेलं आहे. एकच ओळ वाढली असेल तर त्या कराचा दर बदलला आहे. कुठलीच ओळ वाढलेली नसताना एकूण रक्कम फुगली असेल तर मागची थकबाकी किंवा शास्ती, म्हणजे दंड, चिकटला आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. राज्याचा शिक्षण कर कमी करा, असा अर्ज आयुक्तांकडे देऊन उपयोग नाही, कारण त्यांना तो अधिकारच नाही.

चूक दुसरी : "दरवाढ नाही" ही बातमी वाचून निर्धास्त होणं

अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा येतो, 'करात वाढ नाही'. तरीही बिल वाढतं आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं. याचं कारण असं की कर म्हणजे मूल्य गुणिले दर. दर जागच्या जागी ठेवून मूल्य वाढवलं तरी कर वाढतोच.

मूल्य काढायच्या दोन पद्धती आहेत. मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत करयोग्य मूल्य धरलं जातं. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, त्याचं वर्षाचं गणित करायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. महिना १,००० रुपये भाडं धरलं तर वर्षाचे १२,००० होतात आणि करयोग्य मूल्य १०,८०० रुपये येतं. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. तिचा पाया रेडी रेकनर, म्हणजे जागांच्या किमतींचा सरकारी तक्ता, आणि त्यावर बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर हे घटक चढतात. रेडी रेकनरचे दर महापालिका ठरवत नाही. ते राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग जाहीर करतो.

म्हणजे मुंबईत राहणारा निवृत्त माणूस, ज्याने तीस वर्षांपूर्वी घर घेतलं आणि जो ते विकणारही नाही, त्याचा कर शेजारच्या टॉवरमधल्या व्यवहारांवरून वाढू शकतो. हातात येणारं पेन्शन तेवढंच, पण कागदावर तो श्रीमंत होतो. हा अन्याय मला सगळ्यात जास्त बोचतो. तो दुरुस्त करायचा तर कायद्यातच तशी तरतूद हवी. वॉर्ड ऑफिसर कितीही भला असला तरी त्याच्या अखत्यारीत ते नाही.

मूल्य ठरवण्याच्या नियमांनाही मर्यादा आहेत, हे मुंबईकरांनी कोर्टात सिद्ध केलं आहे. भांडवली मूल्याच्या २०१० आणि २०१५ च्या नियमांतले २०, २१ आणि २२ हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जमिनीवर उद्या किती बांधता येईल, त्या भविष्यातल्या क्षमतेवर आज कर लावता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. 'सरकारी कामात कोण काय करणार' असं म्हणणाऱ्यांना मी हा निकाल आवर्जून सांगतो.

चूक तिसरी : सवलत आपोआप मिळेल असं समजणं

पुण्याची गोष्ट यासाठी सविस्तर सांगायला हवी. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत ही पुण्यातली १९७० पासूनची रीत. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला. राज्य सरकारने २०१९ मध्ये महापालिकेचा तो ठराव रद्द ठरवला आणि नव्याने नोंद झालेल्या घरांना पूर्ण आकारणीची बिलं जाऊ लागली.

४० टक्के सवलत गेली म्हणजे कर ४० टक्क्यांनी वाढला, असं अनेकांना वाटलं. गणित तसं नाही. ज्याला १०० च्या जागी ६० भरावे लागत होते, त्याला १०० भरावे लागले, तर वाढ जवळपास ६७ टक्के होते. एकाच मजल्यावरच्या दोन सारख्या घरांत, एक जुन्या नोंदीचं आणि एक नव्या नोंदीचं, एवढी तफावत पडली. मोठं आंदोलन झालं आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र अनेकांच्या नजरेतून निसटलं. ज्यांची सवलत गेली होती त्यांनी 'पीटी-३' हा अर्ज भरून, आपण स्वतःच त्या घरात राहतो याचे पुरावे जोडायचे होते आणि त्याला मुदत होती. "मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलंय ना, मग होईल," म्हणत बसलेले लोक मी पाहिले आहेत. जाहीर झालेली सवलत आणि तुमच्या खात्यावर नोंदलेली सवलत यांच्यामध्ये एक अर्ज असतो. तो भरला की पोचपावती घ्या, आणि पुढच्या बिलात घराचा वापर 'स्वतः राहतात' असा दिसतो का, ते तपासा.

ही गोष्ट राज्याच्या जबाबदारीचंही चांगलं उदाहरण आहे. सवलत काढली राज्याने, परत दिली राज्याने, आणि मधली सगळी वर्षं लोक भांडले महापालिकेशी.

चूक चौथी : हरकतीची मुदत चुकवणं

आकारणी वाढवायची तर महापालिकेला आधी नोटीस द्यावी लागते. ती साध्या कागदावर येते, बिलासारखी ठसठशीत दिसत नाही, म्हणून लोक तिला ड्रॉवरमध्ये टाकतात. खरी लढाई त्या कागदावर लढायची असते. नोटिशीत हरकतीची शेवटची तारीख छापलेली असते. त्याआधी लेखी हरकत द्या. तिच्यात रागाचे शब्द नकोत. क्षेत्रफळ किती चुकीचं धरलंय, बांधकामाचा प्रकार कोणता लावलाय, वापर निवासी असताना बिगरनिवासी का दाखवलाय, हे नेमकं लिहा आणि सोबत मंजूर नकाशा, करारनामा, वीजबिल जोडा. मोजणीतली चूक ही सगळ्यात जास्त वेळा सापडणारी आणि सगळ्यात सोपी सुटणारी. कार्पेट क्षेत्राच्या (भिंतींच्या आतली जागा) जागी बिल्टअप क्षेत्र (भिंतींसकट) धरलेलं आम्हाला एकाच इमारतीतल्या चार घरांत सापडलं होतं. सुनावणीला स्वतः जा.

निर्णय विरोधात गेला तर १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. मुदत १५ दिवसांची आणि मागणीची रक्कम आधी महापालिकेकडे भरावी लागते.

चूक पाचवी : निषेध म्हणून बिल न भरणं

"जोवर कर कमी होत नाही, तोवर एक पैसा भरणार नाही." सभेत टाळ्या पडतात, पण खात्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते. वर्षाला २४ टक्के. १०,००० रुपये पाच वर्षं थकवले तर नुसती शास्ती १२,००० होते. त्यानंतर जप्तीची नोटीस आली की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि माणूस 'थकबाकीदार' ठरतो. वर सांगितलेल्या अपिलाचा रस्ताही बंद होतो. रक्कम भरा आणि भरतानाच, आकारणी मान्य नाही, हरकतीला बाध न येता भरत आहे, असं पत्र देऊन त्याची पोच घ्या.

शास्ती हा शब्दही फसवा आहे. एक शास्ती उशिराची. दुसरी, जिला लोक 'शास्तीकर' म्हणतात, ती अनधिकृत बांधकामाची. कलम २६७-अ खाली ती लागते आणि रक्कम मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षं पेटलेला प्रश्न या दुसऱ्या शास्तीचा होता आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो निर्णय घेऊन सोडवला. एकीची माफी जाहीर झाली म्हणून दुसरीही गेली असं समजू नका. थकबाकी भरणाऱ्यांसाठीच्या अभय योजनेतही बहुधा उशिराच्या शास्तीत सूट असते आणि मूळ कर पूर्ण भरावा लागतो.

पुण्यात समाविष्ट झालेल्या गावांनी हे विशेष लक्षात घ्यावं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं राज्य सरकारच्या अधिसूचनेने महापालिकेत आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या घरांना पाणी आणि ड्रेनेज पोचायच्या आधी शहराची बिलं पोचली. सरकारने वसुलीला स्थगिती दिली, पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ती उठली की मागणी परत उभी राहते.

चूक सहावी : घर विकून नाव तसंच ठेवणं

खरेदीखत झालं की ३ महिन्यांत महापालिकेला हस्तांतरणाची नोटीस द्यायची असते, विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. नाहीतर जुन्या मालकाच्या नावाने मागणी येत राहते. आणि टॅक्सपावती हा मालकीचा पुरावा नाही, हेही घरातल्या थोरल्यांना समजावून सांगा.

चूक सातवी : राज्याकडे फक्त माफी मागणं

निवडणुका जवळ आल्या की माफीची मागणी होते आणि कधीकधी ती मिळते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर नाही. छोट्या घरांना दिलासा मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माफी जाहीर करणारं सरकार वेगळं आणि उत्पन्न गमावणारी महापालिका वेगळी असेल, तर तो खड्डा भरायला उरलेल्या घरांकडेच हात जातो. ५१० चौरस फुटांचं घर असणारा माणूस काही फार वेगळ्या परिस्थितीत नसतो.

महापालिकांना घरपट्टीवर एवढं का टेकावं लागतं, हेही बघा. पूर्वी जकात होती. मुंबई सोडून इतरत्र ती गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, आणि ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिकांच्या हातातलं मोठं उत्पन्न संपलं. त्याबदल्यात राज्य सरकार कायद्याने दरवर्षी ८ टक्के वाढीसह भरपाई देतं. पण शहराचा खर्च त्याहून वेगाने वाढला, तर महापालिकेला स्वतः वाढवता येईल असा मोठा कर एकच उरतो, तो म्हणजे आपल्या घरावरचा. त्यातच केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या बरोबरीने वाढावी.

म्हणून आमदारांना निवेदन देताना 'कर रद्द करा' या एका ओळीवर थांबू नका. आमच्या सोसायट्यांच्या निवेदनात आम्ही चार मागण्या लिहितो. राज्याने दिलेल्या प्रत्येक सवलतीची भरपाई राज्याने महापालिकेला द्यावी. स्वतः राहत असलेल्या घराच्या करात एका वर्षात किती वाढ करता येईल, याची मर्यादा कायद्यात असावी. फक्त पेन्शनवर जगणाऱ्यांना कर पुढे ढकलायची सोय असावी. आणि संविधानाप्रमाणे दर पाच वर्षांनी नेमायच्या, महापालिकांना राज्याच्या पैशातला वाटा सुचवणाऱ्या राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींचं काय केलं, हे विधिमंडळात सांगावं.

हे निवेदन हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांच्या हातात पडायला हवं. महापालिकेच्या दरांवरची सूचना मात्र वेगळ्या कागदावर नगरसेवक आणि आयुक्तांकडे द्या, तीही जानेवारीतच, कारण पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात.