हॉस्पिस निवडण्याआधी: गोव्यातल्या घरासाठी तयारीची यादी

बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, त्यावर डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा) असं लिहिलेलं असतं, आणि घरचे लोक जिथं खाट मिळेल तिथं माणूस हलवतात, नाहीतर कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन करून एक बाई घरी ठेवून घेतात. घाई समजण्यासारखी आहे. पण दोन दिवसांची सवड बहुतेक वेळा काढता येते, आणि हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या माणसाची अशी सेवा करणारी जागा किंवा घरी येणारं पथक, निवडताना त्या दोन दिवसांत काय पाहायचं, काय विचारायचं ते इथं लिहून काढलं आहे. सासऱ्यांच्या आजारपणात आणि नंतर नात्यातल्या माणसांसाठी धावपळ करताना जे प्रश्न कामाला आले, तेच यात आहेत. इमारत, एसी आणि रिसेप्शनवरच्या फुलांबद्दल यात काही नाही. त्यावरून काहीही कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

बाहेर विचारायला जाण्याआधी घरात बसून एक पान भरा. आजार कोणता आणि कुठवर आलाय, कोणती गोळी किती वाजता, दुखतं कुठं आणि शून्य ते दहात किती, झोप किती लागते, शौचाला शेवटचं कधी झालं, जखम आहे का, नाकातून किंवा लघवीची नळी आहे का, उचलून बसवायला घरात कोण आहे. रिपोर्टचे फोटो फोनमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. याच पानावर, आजारी माणूस बोलू शकत असेल तर, त्याला कुठं राहायचंय ते त्याच्या शब्दांत लिहा. हे विचारायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे. पण न विचारता ठरवलं की पुढं रोज वाद होतो. आणि डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच ठरवा. नाहीतर दुबईहून किंवा पुण्याहून शेवटच्या आठवड्यात धाकटा भाऊ उतरतो आणि ‘आयसीयूत का नाही ठेवलं’ म्हणून सगळं उलटंपालटं करतो.

मग कसली सेवा हवी ते ठरवा: दाखल करण्याची जागा, की घरी येणारं पथक. देशातलं पहिलं हॉस्पिस मानलं जाणारं शांती अवेदना सदन १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, आणि त्यांचं सदन आपल्याकडे साष्टीत लोटलीलाही आहे. तिथं बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. पण यातला ‘कॅन्सर’ हा शब्द नीट ऐका. किडनी निकामी झालेल्या, हृदय थकलेल्या, अर्धांगवायू झालेल्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या माणसालाही हीच सेवा लागते, मात्र प्रत्येक संस्था प्रत्येक आजार घेतेच असं नाही. म्हणून पहिला फोन कराल तेव्हा पहिलाच प्रश्न हा असू दे: आमचा आजार तुम्ही घेता का, आणि दाखल करून घेताना कोणता कागद लागतो?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मॉर्फिन आहे का, हे विचारा. आडून नको, नाव घेऊन विचारा. कॅन्सरच्या जोरकस दुखण्यावर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जगभर मानलेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनेच्या औषधांची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर ते आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते इतकी वर्षं कुलपात राहिलं की अनेक डॉक्टरांना ते लिहायची सवयच उरली नाही. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला ते ठेवणं आणि देणं सोपं झालं. कोपऱ्यावरच्या फार्मसीत मात्र ते सहसा मिळणार नाही. तेव्हा विचारायचं असं: तुमच्या संस्थेला ती मान्यता आहे का, गोळ्या आत्ता साठ्यात आहेत का, ते लिहिणारा प्रशिक्षित डॉक्टर कोण, आणि एका वेळी किती दिवसांच्या घरी देता?

उत्तर ऐकताना काही खुणा धरा. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते. ‘दुखेल तेव्हा द्या’ एवढंच सांगणारा माणूस या कामात मुरलेला नाही. मध्येच कळ उठली तर जादा डोस किती (साधारण दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग धरतात), हे ते लिहून देतात का पाहा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत यायला हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर का नाही ते विचारा. आणि ‘मॉर्फिन म्हणजे आता संपलंच’ किंवा ‘सवय लागेल’ असं खुद्द तिथलीच माणसं म्हणाली, तर उठा. ज्यांच्या स्वतःच्या मनात ही भीती आहे ते तुमच्या माणसाला पुरेशी मात्रा देणार नाहीत, आणि रात्रभर कण्हणं ऐकायची पाळी तुमच्यावर येईल.

रात्रीवरून आठवलं. दिवसा सगळेच फोन उचलतात. रविवारी रात्री अकराला त्यांनी दिलेल्या नंबरवर एकदा फोन करून पाहा. यात लाजण्यासारखं काही नाही. उचलणाऱ्याला सरळ सांगा की आम्ही आमच्या माणसाला तुमच्याकडे आणायचा विचार करतोय, म्हणून बघत होतो. आणि विचारा, पहाटे दोनला श्वास लागला तर तुम्ही काय कराल? फोनवर नर्स बोलून घरात आधीच ठेवलेल्या डब्यातलं कोणतं औषध द्यायचं ते सांगेल, हे चांगलं उत्तर. कुणी निघून येईल, हे त्याहून चांगलं. ‘१०८ ला फोन करा’ एवढंच उत्तर मिळालं तर समजून चला की त्यांची सेवा संध्याकाळी संपते. १०८ वाले आपलं काम चोख करतात, माणसाला कॅज्युअल्टीत नेऊन पोचवतात, पण नेमकं तेच नको म्हणून तर तुम्ही ही सगळी चौकशी करताय.

दाखल करायची जागा असेल तर न सांगता एकदा जा, दुपारी चारच्या सुमाराला, जेवणाची आणि राउंडची वेळ नसताना. खाटेवरच्या माणसांचे ओठ पाहा आणि, पांघरूण सरकलेलं असेल तर, टाचा. ओठ ओले आणि स्वच्छ असतील तर कुणीतरी दर थोड्या वेळाने कापसाने तोंड पुसतंय. टाचा लाल किंवा काळवंडलेल्या असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायचं काम होत नाहीये, भिंतीवर तक्ता कितीही सुबक लावलेला असो. पाण्याचा पेला हाताला लागेल असा आहे का? घंटी वाजवली तर कोण येतं, किती वेळाने? वासही घ्या. फिनेलच्या घमघमाटाने मला तरी शंका येते. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या चिघळलेल्या जखमेला वास येतो, आणि त्या वासामुळे घरची पोरंसोरंसुद्धा खोलीत यायची थांबतात. आजारी माणसाला हे कळतं, दुखण्याहून ते जास्त लागतं. तिथल्या सिस्टरला विचारा, अशा जखमेचं तुम्ही काय करता? जी रोज हे काम करते ती पटकन सांगेल की मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची पूड जखमेवर वापरतो, ड्रेसिंग काढताना आधी भिजवून घेतो, त्याआधी दुखण्याची गोळी देतो. ज्याला हे सुचलं त्याला बाकीचंही बरंच सुचलेलं असतं.

घरी येणाऱ्या सेवेत एक मोठी गफलत असते. जाहिरातीत ‘पॅलिएटिव्ह’ असतं, आणि प्रत्यक्षात माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक मुलगी येते जी माणसाला पुसून-भरवून ठेवते. तेही मोलाचं काम आहे, पण ते हॉस्पिस नव्हे. येणारी व्यक्ती जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे का, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, कातडीखाली बारीक सुई लावून इंजेक्शन देता येतं का, तिच्यावर देखरेख करणारा डॉक्टर आठवड्यातून किती वेळा स्वतः घरी येतो, हे स्वतंत्रपणे विचारा. भाषाही विचारा. आयुष्यभर घरात मराठी-कोंकणी बोललेली आजी शेवटच्या दिवसांत हिंदीत ‘पाणी’ मागणार नाही. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कोण येणार? अर्धा गोवा गावाकडे गेलेला असतो त्या दिवसांत बदली माणूस कोण, त्याचं नाव सांगा म्हणावं. नाताळचंही तेच.

जेवणाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माणसं ओळखायला यासारखा दुसरा प्रश्न नाही. ‘बाबांना साखर आहे, पण त्यांना मणगणं (आपली गोड खीर) खावंसं वाटतंय, दोन चमचे देऊ का?’ असं विचारा. आयुष्याचे काही आठवडे उरलेल्या माणसाला कुणी शुगरचा तक्ता दाखवून नाही म्हणालं, तर त्यांना आपलं काम काय आहे ते उमगलेलं नाही. घरचा डबा चालतो का, हुमणाचा (माशाच्या कालवणाचा) एक घास चालतो का, देवळातलं तीर्थ तोंडात घालू देतात का, भजनाची कॅसेट किंवा फोन उशाशी ठेवू देतात का, हेही विचारून घ्या. याच्या उलट बाजूचा प्रश्न सलाईनचा. अन्नावरची वासना जाणं हे शेवटच्या दिवसांत शरीराचंच चालणं असतं. तेव्हा जबरदस्तीने चढवलेल्या पाण्याने पायांना सूज येते, छातीत घरघर वाढते. जे नीट काम करतात ते घरच्यांना बसवून हे समजावतात. ‘ताकदीसाठी रोज दोन बाटल्या लावू’ म्हणणाऱ्यांचं बिल मोठं होतं, दुसरं काही नाही.

घरचे आणखी एक वाक्य हमखास म्हणतात: त्यांना काही सांगू नका हां. तुम्हीही म्हणून पाहा, आणि समोरचा काय करतो ते बघा. ‘बरं’ म्हणून वही मिटली तर गडबड आहे. ‘त्यांना किती जाणून घ्यायचंय ते आधी त्यांनाच विचारू या, घाई करणार नाही’ असं म्हणाला, तर तिथं आजाऱ्याला माणूस धरतात.

घरी ठेवणार असाल तर घराचीही पाहणी करा. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, आणि जून-जुलैत सत्तरी, पेडणे, काणकोणात झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टर ते यंत्र पेलेल का, वर सिलिंडर मिळेल का, तो कोण भरून आणणार? दिवाडी-चोडणसारख्या बेटांवर फेरीबोटीच्या वेळा नर्सला माहीत आहेत का? घरात रेंज कुठल्या खिडकीत येते ते शोधून फोन तिथं ठेवा. हवेची गादी, मूत्रपात्र आणि खाटेची उंची या गोष्टी माणूस घरी यायच्या आधी.

पैशांचं लेखी घ्या, एवढंच. दिवसाचा दर बारा तासांचा की चोवीस, रात्रीच्या भेटीचे वेगळे का, यंत्रांची अनामत किती, आणि माणूस चौथ्याच दिवशी गेला तर उरलेले पैसे परत मिळतात का. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर यातलं काय बसतं ते योजनेच्या खिडकीवर आधीच विचारा, संस्थेच्या तोंडी हवाल्यावर राहू नका.

एक कागद शुद्धीवर असतानाच करून ठेवता येतो, तो म्हणजे पुढं कोणते उपचार नकोत याचं पत्र, लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं पत्र नोंदवलं, राज्यातलं ते पहिलं ठरलं. असं पत्र दाखवल्यावर संस्था ते फाइलला लावून वाचते की बाजूला सारते, ते पाहा.

शेवटचे प्रश्न माणूस गेल्यानंतरचे, आणि ते आधीच विचारायचे. घरी मरण आलं तर उपचार करणारा डॉक्टर रात्री-अपरात्री येऊन मरणाच्या कारणाचा दाखला लिहील का? त्यावाचून पंचायतीत किंवा पालिकेत नोंद अडते, आणि नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. यंत्रं, गादी कोण घेऊन जाणार? पंधरा दिवसांनी घरच्यांची विचारपूस करायला कुणी फोन करतं का? उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या फडताळात राहता कामा नयेत. त्या मोजून संस्थेला परत करायच्या, वहीत आकडा टाकून घ्यायचा आणि पोच मागून घ्यायची.