जुना पीसी रखडतोय? आधी एसएसडी बसवा
पीसी चालू करून चहा टाकला, चहा उकळला, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंयच? प्रोसेसर बदलायच्या फंदात पडू नका, आधी २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या (एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, साटा म्हणजे ती जोडायची पद्धत). हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम १००-१५० एमबी वाचते, ही ५००च्या आसपास. साटा केबल वेगळी घ्या, डब्यात बहुधा नसते. एसएसडी अडकवायचं ब्रॅकेट नसेल तर ती डबल टेपनं चिकटवली तरी चालते, कारण तिच्या आत फिरणारं काही नसतंच. विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या (पीसी सुरू करणाऱ्या) फायली तिच्यावरच जाऊन बसतात (मी दोनदा फसलोय). नंतर ती जुनी डिस्क फोटो-सिनेमांना वापरा. रॅम वाढवायची तर जुनी काडी काढून लेबल वाचा: डीडीआर३च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ (रॅमची पुढची पिढी) बसत नाही, खाच वेगळी असते. जोर लावू नका.