तुळशीचा झोन की इथेनॉलचा?

दर जानेवारीत टी.वाय.च्या मुली प्रोजेक्टचा विषय ठरवून येतात: तुळस नाहीतर लसूण, समोर कॅन्डिडा अल्बिकन्स, म्हणजे माणसाला संसर्ग करणारं एक यीस्ट. करा की. पण आधी माझी फजिती ऐका. एम.एस्सी.ला तुळशीच्या अर्काभोवती 14 मिलिमीटरचा स्वच्छ झोन आला, म्हणजे यीस्ट न वाढलेलं वर्तुळ. तीनदा पट्टी लावली, होस्टेलवर पेढे वाटले. सरांनी एवढंच विचारलं, "नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल, म्हणजे अर्काविना तुलनेची चाचणी, कुठाय?" दुसऱ्या दिवशी लावला. 13 मिलिमीटर.

तर पानं सावलीत वाळवा, भरड पूड करा. 10 ग्रॅम पूड 100 मिली इथेनॉलमध्ये, बूच लावून 24 तास, अधूनमधून हलवत. गाळून पसरट बशीत इथेनॉल पूर्ण उडू द्या. तेव्हा जवळ बर्नर नको. तळाशी हिरवट-काळा चिकट थर उरतो. तो खरवडून तोला आणि डीएमएसओत (हे एक द्रावक) विरघळवा, मिलीला 100 मिग्रॅ. कंट्रोलला तेवढंच नुसतं डीएमएसओ.

लसणाचं तंत्र वेगळं. अॅलिसिन पाकळीत तयार नसतं, ठेचल्यावर एन्झाइम ते बनवतं. म्हणून ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, गाळा, त्याच दिवशी वापरा. आधीच उकळलात तर एन्झाइम गेलं.

सॅबुरो आगरची (यीस्ट वाढवायच्या घट्ट खाद्याची) प्लेट ओता. कॅन्डिडाचं 24 तासांचं कल्चर सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा 0.5 मॅकफर्लंडच्या प्रमाण नळीशी जुळवा; मागे काळ्या रेघांचा कागद धरला की फरक कळतो. स्वॅब तीन दिशांनी फिरवा, 8 मिलिमीटरच्या बोअररने भोकं पाडा. चकती उचलल्यावर तळाला पातळ आगरचा एक थेंब सोडा, नाहीतर अर्क खालून पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. प्रत्येक भोकात 50 मायक्रोलिटर, शेजारी फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची 25 मायक्रोग्रॅमची डिस्क. अर्क जिरला की 35 अंशांवर 24 तास. लवंगेला मात्र वेगळी प्लेट द्या. तिच्या तेलाची वाफसुद्धा शेजारच्या यीस्टला बाधते.

हळदीचा झोन चिमुकला आला म्हणून रडू नका. करक्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, आगरमध्ये सरकतच नाही. तिथे ब्रॉथमध्ये (पातळ खाद्यद्रवात) निम्मं-निम्मं पातळ करत यीस्ट मारणारी सर्वांत कमी मात्रा, म्हणजे एमएफसी, काढा. पिवळ्या रंगात गढूळपणा दिसत नाही, म्हणून प्रत्येक नळीतला थेंब कोऱ्या प्लेटवर ओढून बघा, काही उगवतंय का.

एकीने विचारलं होतं, "मॅडम, आईला खाज येते, लसूण लावायला सांगू?" अजिबात नको. प्लेटला कातडी नसते. कच्च्या लसणाने त्वचा भाजते, आतली तर आणखी नाजूक. शिवाय खाज यीस्टचीच आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार? डॉक्टरकडे पाठवलं तिला.

आणि प्लेटा थेट बेसिनमध्ये नेऊ नका. 121 अंशांवर 20 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करा, मगच मावशींच्या हातात.