बाई परत येणार का?

एम.ए.च्या प्रबंधासाठी चार-पाच वर्षांच्या मुलांचा आत्मसंयम मोजायला अंगणवाडीत गेले, तेव्हा डोक्यात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल होते. स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरीतला त्यांचा प्रयोग प्रसिद्धच आहे: एक खाऊ लगेच घे, नाहीतर मी परत येईपर्यंत थांब, मग दोन मिळतील. मी पाठ वळवताच पहिल्या मुलीने बिस्कीट संपवलं. मी ‘२ सेकंद’ लिहिलं. सेविकाताई हसल्या, “अहो, ती उपाशी आलीये. खिचडी अजून चुलीवरच आहे.” मी भूक मोजत होते. त्यानंतर चाचणी जेवणानंतरच घेतली.

दुसरी गोष्ट विश्वासाची. मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड यांच्या २०१३च्या अभ्यासात प्रयोग घेणाऱ्या बाईंनी मुलांना आधी चांगले रंग आणते म्हणून सांगितलं. ज्यांना ते मिळाले ती मुलं पुढे खाऊसाठी सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नाहीत ती जेमतेम ३. अनोळखी बाई परत येईल यावर मुलाने का विसंबावं? म्हणून पहिले दोन दिवस वही न काढता नुसतं खेळा.

दिवस-रात्र चाचणीत सूर्याचं चित्र दिसलं की ‘रात्र’ म्हणायचं, चांदोबा दिसला की ‘दिवस’. अशी १६ चित्रं. माझी निम्मी मुलं ‘सूर्यबाप्पा!’ म्हणून मोकळी! आधी सराव हवाच. शेवटी नियमही विचारा. नियम नीट सांगतो पण तोंडातून उलटं निघतं, तिथे आवर कमी पडला. नियमच विसरला, तर तो स्मरणाचा प्रश्न.

“पास झाला का?” हे प्रत्येक आई विचारते. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर थांबण्याचा पुढच्या शाळेतल्या प्रगतीशी असलेला संबंध बराच फिका पडला. भाकीत करू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडला आपला ‘चिमणी उड, म्हैस उड’. उडणारी नावं बरीच जास्त ठेवा, म्हणजे बोट वर करायची सवय लागते. मग मध्येच म्हैस. म्हशीला वर गेलेलं बोट आणि चिमणीला न उठलेलं बोट वेगवेगळं मोजा: पहिली चूक आवराची, दुसरी बहुधा लक्षाची. एकेकट्याला घ्या, नाहीतर शेजाऱ्याचं बघून बोटं उठतात. कोंबडी मात्र यादीतून काढा. “आमची उडते, पार छपरावर जाते,” असं एकाने मला ठणकावून सांगितलं आणि गुणपत्रकावर काय लिहावं ते मला सुचेना.